कुंदाचा ताणा

"कुंदा पडली वं. मागाच्या खड्ड्यात पडली," असा तिच्या आईचा सकाळी फोन आला, तेव्हा माझा चहा गॅसवर होता. मी "आलेच मावशी" म्हटलं, गॅस बंद केला, चपला घातल्या आणि जिन्यातच थबकले. कारण त्या घरात खड्डा नाहीच. होता, कुंदाचे वडील हातमागावर लुगडी विणायचे तेव्हा होता. विणणारा जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा आणि घरातलं रांगतं पोर त्यात पडायचंच पडायचं. कोष्ट्यांच्या वस्तीत असं एकही घर नव्हतं जिथे कोणी मागाच्या खड्ड्यात पडलं नाही. पण वडील गेले, माग मोडून लाकडं चुलीत गेली, आणि कुंदाने आपल्या पगारातून गिट्टी-सिमेंट टाकून तो खड्डा बुजवला, वर फरशी लावली, म्हणजे आईची खाट तिथे मावेल. फरशी वाकडी बसवली म्हणून मिस्त्रीशी भांडणारी मीच होते. मावशी खोटं बोलत होत्या, आणि त्या कोणासाठी खोटं बोलतात ते मला माहीत होतं.

महिना होत आला. भेटणारा प्रत्येक जण म्हणतो, कुंदा गेली, वारली, देवाची मर्जी. अहो, कसली देवाची मर्जी? कुंदाला तिच्या भावाने मारलं. अरुणने, सख्ख्या धाकट्या भावाने, आपल्या बापाचा धोटा तिच्या कानशिलावर हाणला. धोटा म्हणजे मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावतो तो लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना लोखंडी टोपण असतं. दवाखान्यात तिचं तोंड मला दाखवलं तेव्हा डाव्या कानाच्या वर हाड आत गेलेलं होतं, केस रक्ताने चिकटून कडक झाले होते. आणि तिच्या नखांत त्याच्या मानेची कातडी होती. पोलिसांनी ती नखं कापून घेतली. मी मनात म्हटलं, शाब्बास कुंदे.

मी तोंडाची फटकळ आहे, हे माझ्या घरचे लग्नाच्या आधीपासून सांगतात. आमचं घराणं कारकुनांचं, भोसल्यांच्या दप्तरापासून ते सचिवालयापर्यंत कागदच काळे केलेले. हात उगारण्याची आमच्यात रीत नाही, शब्दानेच माणूस सोलायचा. कुंदाचं तसं नव्हतं. ती दोन्हीने लढायची. हिंगणा रोडवरच्या आमच्या छोट्याशा कंपनीत आम्ही वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर लिहितो. कोराडीच्या वीजकेंद्राकडे जाणारे कोळशाचे ट्रक काट्यावर चढतात, त्यांचं वजन ज्या प्रोग्रामने घेतलं जातं, तो प्रोग्राम. ती नोकरीला आली त्या दिवशी तिने मला पहिला प्रश्न विचारला, "ताई, इथं डबा खाताना जात पाहून बसतेत का?" मी म्हटलं, "भाजी पाहून बसतात." ती खदाखदा हसली आणि माझ्या शेजारी येऊन बसली, ती शेवटपर्यंत. महिनाभरात मी 'ताई'ची 'वसुधे' झाले.

आता तिचा ताणा काय ते सांगितलं पाहिजे, नाही तर पुढचं कळायचं नाही. प्रोग्राम ज्या पानावर लिहितात त्याला एडिटर म्हणतात. आमचा एडिटर जुन्या वळणाचा, काळा पडदा आणि पांढरी अक्षरं, माऊसचं काम नाही. तो सुरू झाला की सगळ्यात आधी एक छोटी फाईल वाचतो. मालकाला अक्षर केवढं हवं, कोणती कळ दाबली की काय व्हावं, चुकलं तर घंटी वाजवायची की गप्प बसायचं, हे सगळं त्या फाईलमध्ये आपल्या हाताने लिहून ठेवायचं असतं. ती नसली तर एडिटर उघडतो, पण परक्यासारखा. कुंदा त्या फाईलला ताणा म्हणायची. त्यांच्याकडे उभं सूत ताणून ठेवायचं काम बायकांचं. गल्लीत खुंट्या ठोकून सकाळच्या उन्हात बायका सूत घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालायच्या, लहानपणी तीही घालायची. "विणते माणूस, नाव होते माणसाचं," ती म्हणायची, "पण लुगडं टिकते ताण्यावर. आन् ताणा कोण लावते? आमी." ऑफिसात कोणी नवीन आलं की ती त्याच्या मशीनवर आपली फाईल उतरवून द्यायची. "घे, ताणा लावून देल्ला. आता विण." हळूहळू सगळं ऑफिस तिच्याच ताण्यावर काम करू लागलं. आम्हाला सवय अशी झाली की बाहेरचा कोणी आला आणि त्याने आपला एडिटर उघडला तर आम्ही त्याच्याकडे दया येऊन बघायचो.

पण त्या ताण्यातली ओळ न् ओळ मार खाऊन लिहिलेली होती. मी शेजारी बसायचे, मला ती सांगायची, म्हणून मला माहीत आहे. टाळेबंदीत आम्ही सगळे घरून काम करत होतो तेव्हाची गोष्ट. अरुण बुटीबोरीच्या एका गिरणीत रात्रपाळीला होता, दिवसा झोपायचा. गिरणी बंद पडल्यावर दिवसा प्यायचा आणि झोपायचा. एडिटरची घंटी 'टुंग' वाजली की उठायचा. उठला की आधी लॅपटॉपची वायर ओढायचा, मग हिचे केस. हिने घंटी बंद केली. मग तो झाकणच धाडकन पाडू लागला, सकाळपासून लिहिलेलं जायचं. हिने ओळ टाकली की टाइप करता करता बोट जरा थांबलं, की फाईल आपोआप जतन व्हावी. एकदा त्याने हिला एका हाताने भिंतीला दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने खोडायची कळ दाबून ठेवली, हिच्या डोळ्यांदेखत सगळं पुसलं आणि हसत बंद केलं. "पाह्य, तुही नोकरी कशी गेली!" दुसऱ्या दिवशी हिने अशी व्यवस्था केली की एडिटर बंद करून परत उघडला तरी त्याला मागचं सगळं आठवावं, काय लिहिलं, काय खोडलं, कोणत्या क्रमाने. "थो किती पुसते ते पाहूच," मला फोनवर म्हणाली. ओठ फुटलेला होता, शब्द फुसफुसत येत होते, तरी आवाजात मजा होती.

आणि आम्ही मूर्ख, आम्ही म्हणायचो, काय छान सोय केलीय कुंदाने! वीज गेली तरी काम जात नाही!

एडिटर उघडल्यावर स्वागताचं पान येतं, ते तिने काढून टाकलं होतं. "स्वागत कायचं वं? काम दाखव." आणि फाईल जतन झाली की खालच्या पट्टीवर इंग्रजीत काहीबाही येतं, त्याऐवजी तिने मराठीत दोनच शब्द टाकले होते: 'ठेवलं वं'. तिच्या बोलीत 'वं' बाईला म्हणतात, पुरुषाला 'गा'. ऑफिसातले सगळे पुरुष, आमचे सरसुद्धा, दिवसभर बोट थांबलं की त्यांना खाली दिसायचं, ठेवलं वं. सर एकदा म्हणाले, "कुंदाताई, आमच्यासाठी निदान 'गा' तरी करा." ती म्हणाली, "सर, ताणा बायकाच लावतेत. ज्याले लाज वाटते त्याने आपला लावावा."

सरांवरून आठवलं. स्वल्पविराम लागोपाठ दोनदा दाबला की पडद्यावरचं काम झाकलं जाऊन कैरीच्या लोणच्याची कृती यायची, तीही मावशींच्या बोलीत. अरुणला प्रोग्रामातलं काही कळत नसे, पण काळ्या पडद्यावर ओळी दिसल्या की त्याच्या डोक्यात जायचं की बहीण कोणा पुरुषाशी बोलून राहिली. लोणचं दिसलं की गप्प. "बाईच्या पुढं लोणचं असलं की त्याचा जीव थंड होते," ती सांगायची. आता ही ओळ सरांच्याही मशीनवर आली होती, हे सर विसरले. कोळशाच्या एका ठेकेदाराला प्रोग्राम दाखवायचा होता, सर कोट घालून आलेले, मोठा पडदा लावलेला. सरांनी घाईत स्वल्पविराम दोनदा दाबला आणि भिंतभर उमटलं, 'कैऱ्या धुवून पुसून घेजो, पाण्याचा थेंब राहिला त सडते'. ठेकेदार शांतपणे शेवटपर्यंत वाचत गेला आणि म्हणाला, "सर, याच्यात मोहरी कमी वाटून राहिली." आम्ही टेबलाखाली तोंडं खुपसून हसलो. संध्याकाळी सर तिला रागवायला आले, "हे काय आहे? काहून ठेवलं हे?" आणि तिने काहून ते सांगितलं, हसत हसत, चहात बिस्किट बुडवता बुडवता. दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, पोलिसात चला, मी येतो सोबत. ती म्हणाली, "मी जाऊन आली सर, दोनदा. थे म्हणतेत, भाऊ-बहिणीचं भांडण आहे, घरात मिटवा." लोणच्याची ओळ मात्र कोणीच आपल्या मशीनवरून काढली नाही.

तुम्ही विचाराल, घर सोडलं का नाही? सोडलं होतं. हिंगण्याकडे खोली घेतली, मी चादरी आणि कुकर दिला. आईला नेऊ म्हणाली तर मावशी म्हणाल्या, पोराले कोण रांधून घालन? ती एकटी राहिली, चार लोकांसारखी झोपली, अंगावर मांस आलं. मग शेजारच्या बाईने तिला सांगितलं की आता अरुण म्हातारीला मारतो. कुंदा त्याच दिवशी खोली सोडून परत गेली. मी कडाडले, "मरायला चाललीस का?" ती कुकर पुसत होती. म्हणाली, "वसुधे, थो मले मारते तवा मी त्याले उलटून मारते. माय कशी मारन?"

आणि ती खरंच उलटून मारायची. एकदा सकाळी गाल सुजवून आली आणि जागेवर बसण्याआधीच म्हणाली, "आज दात पाडला वं त्याचा, पुढचा!" वरवंटा फेकून मारला होता. एकदा त्याच्या मोटारसायकलचा दिवा दगडाने फोडला. त्याच्या मनगटावर तिच्या दातांचा अर्धगोल कायमचा राहिला होता. तिची कीव कोणी केलेली तिला खपत नसे. पण एक गोष्ट त्याच्या लक्षात आली होती, की हिची ताकद कशात आहे. पगार बोटांतून येतो. म्हणून त्याने बोटं मोडली.

त्यांच्याकडे दसऱ्याला अवजारांची पूजा असते. वडिलांच्या मागातला एक धोटा तेवढा उरला होता, वडिलांच्या फोटोखाली खिळ्याला टांगलेला. कुंदा दर दसऱ्याला तो धोटा आणि आपला लॅपटॉप एका पाटावर मांडायची, दोघांना हळदकुंकू, दोघांवर झेंडू. मी आपट्याची पानं द्यायला गेले की मला ती मांडणी दाखवायची. एका वर्षी पूजा झाल्यावर अरुण आला, पाटावरचा धोटा उचलला आणि हिचा उजवा हात पाटावरच दाबून त्याने बोटांवर मारला, एकदा नाही, ती हात ओढून घेऊ शकेपर्यंत. मधलं आणि अंगठ्याजवळचं बोट जन्माचं वाकडं झालं. प्लॅस्टरमधून हात निघाल्यावर तिने धोटा नेऊन नालीत फेकला. मावशींनी तो काढला, घासून धुतला, परत खिळ्याला लावला. "बापाचा हात लागलेला आहे त्याले," म्हणाल्या.

प्लॅस्टर असतानाच तिने ताणा नव्याने मांडला होता. जी कामं उजव्या हाताला होती ती सगळी डाव्या हाताच्या कळांवर आणली. जतन करणं डाव्या हाताला, मागे जाणं, म्हणजे खोडलेलं परत आणणं, तेही डाव्या हाताच्या करंगळीला. सवय होईपर्यंत तोंडाने शिव्या द्यायची, प्लॅस्टर निघाल्यावर वाकड्या बोटाने स्पेसबार ठोकायची. मग एक दिवस मला म्हणाली, "आता दुसराही तोडन त नाकानं लिहीन." आम्ही सगळ्यांनी तो नवा ताणा उतरवून घेतला. दोन्ही हात धड असलेली आम्ही माणसं तेव्हापासून डाव्या हातानेच काम करतो.

त्या सकाळचं मला शेजारच्या बाईने सांगितलं, तिने दारातून पाहिलं आणि तसंच पोलिसांना सांगितलं. अरुणला मावशींच्या कानातलं हवं होतं. त्या देईनात. त्याने त्यांचे केस हाताला गुंडाळले आणि फरफटत खाटेवरून खाली आणलं. कुंदा टेबलाशी बसून काम करत होती. ती उठली आणि मागून त्याच्या मानेवर तुटून पडली. त्याने मावशींना सोडलं. खिळ्यावरचा धोटा काढला. बाई म्हणाली, पहिल्या घावात ती गुडघ्यावर आली तरी त्याची मान सोडली नव्हती. दुसऱ्या घावाला हात सुटले. ती पडली ती खाटेच्या कडेला, बरोबर त्या फरशीवर, जी तिने खड्डा बुजवून लावली होती. धोटा पोलिसांनी नेला, अरुणलाही. मला तो परत त्या खिळ्यावर दिसला असता तर मी काय केलं असतं, मलाच माहीत नाही.

तेरवी झाल्यावर मावशी माझ्याकडे आल्या. बसने आल्या, एकट्या. डोक्याच्या एका बाजूला केस नाहीत, तिथली कातडी अजून लाल आहे, पदर त्यावर ओढलेला. माझा डबा कुंदाकडे राहिला होता तो परत करायला आल्या होत्या. डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून त्यात लोणचं भरून आणलं होतं. मी डबा हातात घेऊन उभी राहिले. त्या म्हणाल्या, "तू पेपरात लिहून राहिली म्हणते, आमच्या कुंदीवर."

"हो मावशी. संपादकांनी मागितलंय."

"चांगलं चांगलं लिहिजो. हुशार होती, मायेची होती. आन् पडली असं लिहिजो, बाई. पेपर सारेच वाचतेत. जज बी वाचत असन. शेजारीण त काय, तिचं आमचं नाई पटत. मी सांगतलं पडली, तू लिहिलं पडली, त होऊन जाईन." मग पदराने तोंड पुसलं. "एक गेली. थो तरी राहू दे मले. मी मेली त पाणी कोण पाजन?"

मी ओरडले. म्हाताऱ्या माणसावर, माझ्या दारात, मी ओरडले. "तो खड्डा बुजवलाय मावशी! तिने बुजवला! तुमची खाट आहे तिथे!"

त्या अजिबात रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुले दिसत नाई थो. मी त्या घरात नवरी होऊन आली तवापासून पोरायले सांभाळून राहिली त्या खड्ड्यापासून. मले अजून दिसते." चहा घेतला नाही. बसपर्यंत सोडायला मी गेले, हात धरून. त्यांच्या मनगटावरही अजून काळे डाग होते.

हे मी ऑफिसात बसून लिहिते आहे. तिची खुर्ची सरांनी तशीच ठेवली आहे. ती गेल्यावर काही दिवस मला तिचा ताणा सहन होईना. एडिटर सुरू करताना पुढे एक शब्द जोडला, की तो कुठलीही फाईल न वाचता कोरा उघडतो. मी तसा उघडू लागले. स्वागताचं पान आलं, चुकलं की टुंग टुंग घंटी वाजू लागली, थांबलं तरी काही जतन होईना, एकदा तर अख्खी दुपार गेली. शेजारचे म्हणाले, "वसुधाताई, घंटी तेवढी बंद करा." मी तो शब्द काढून टाकला आणि परत तिच्या ताण्यावर आले.

हा लेख त्याच ताण्यावर लिहिला. लिहून झाला, आणि लोणच्याचा डबा समोर होता. मी तो अजून उघडलेला नाही. मावशींची ती लाल कातडी डोळ्यांपुढून जाईना. एवढं एकच मागितलं म्हातारीने… सगळं तर तिचं गेलंच आहे… मी वर गेले, दुसऱ्या परिच्छेदात, आणि 'कुंदाला तिच्या भावाने मारलं' हे वाक्य खोडलं. त्या जागी लिहिलं, 'कुंदा पडली'. वाचून पाहिलं. मोठ्याने वाचून पाहिलं. मग खालची पट्टी दिसू नये म्हणून तिच्यावर तळहात ठेवला, पण मी थांबले होते, फाईल जतन झालीच असणार. तिच्या तोंडून मी हे ठेवून घेतलं होतं, की ती पडली.

डाव्या हाताची करंगळी मी कळेवर ठेवली आणि दाबत राहिले. 'पडली' गेलं, 'कुंदा' गेलं, आणि खोडलेलं वाक्य जसंच्या तसं परत आलं. कुंदाला तिच्या भावाने मारलं. मावशी, मला माफ करू नका. मी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि थांबले… तळहात बाजूला होता, पट्टी दिसत होती.

ठेवलं वं.